पानाची उलटी बाजू

९ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

जुलैत तुम्ही दोन दिवस येऊन गेलात, त्यानंतर तुमची एक ओळ नाही. रागावलात का, हे विचारायचं धाडस होत नाही, म्हणून सरळ कामाचंच लिहिते.

आधी बाबांचं. झटका येऊन दोन महिने झाले. उजवा हात गेला तो गेलाच, डावा चालतो. बोलणं अजून परतलेलं नाही, पण समजतं सगळं. तुमचे दादा त्यांची दाढी वेडीवाकडी करतात तेव्हा असे डोळे वटारतात की हे वस्तरा ठेवून पळतात. एकच गोष्ट आम्हाला उमगत नाही. दिवसातून चार-पाच वेळा ते डावा हात पलंगाबाहेर काढतात, तळवा जमिनीकडे करतात आणि एका उंचीवर धरून ठेवतात. काहीतरी ठेवायला हवं असेल म्हणून आम्ही स्टूल आणलं. ढकलून दिलं. शेडमधलं उंच स्टूल आणलं, तेही ढकललं. मग कोपऱ्यातलं टेबल. आता त्या खोलीत वावरताना आमच्या पायांची बोटं फुटायची पाळी आली आहे.

दुसरं शेडचं. धनुष्यांचं लाकूड संपलं. मैदानावरच्या तिरंदाजीच्या बाई म्हणाल्या, एप्रिलअखेर बाबांच्या तोडीचं एक धनुष्य करून दाखव, मग माझ्या सगळ्या मुलींची धनुष्यं तुझ्याकडेच. तुमचे दादा म्हणतात, एप्रिलपर्यंत थांबतो, नाही जमलं तर शेड बॅटरीवाल्याला देऊन टाकतो. त्यांचंही चुकत नाही, रिकामी शेड किती दिवस सांभाळायची? पण सहा वर्षं मी त्या शेडमध्ये बाबांच्या हाताखाली काढली. तिथून उठून नुसती घरात बसायचं म्हटलं की माझा जीव घुसमटतो.

अडचण अशी की झाड मी पाहिलेलंच नाही. बाबा थंडीत एकटे सायकलवर जायचे आणि ओंडका साल काढून, फाडूनच आणायचे. “झाड मी बघतो, लाकूड तू बघ,” एवढंच म्हणायचे. लहानपणी तुम्ही त्यांच्याबरोबर जायचात असं कळलं. पानं आहेत तोवर ओळखून खूण करायला हवी, पानं गळली की तोडता येईल. कुठलं झाड आणि कसं ओळखायचं, तेवढं कळवाल का?

तुमची वहिनी

२१ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

रागावलेबिगावले नाही. पण तिथे थांबून मी करणार काय होते? औषध तू देत होतीस, उशी तू सारखी करत होतीस, आणि बाबांनी डोळे उघडले की पहिलं बघायचे ते तुझ्याकडे. मी आपली दारात उभी, परक्या घरी आल्यासारखी. म्हटलं, आपले पडदे बरे आणि आपलं मशीन बरं.

आत्ताही मशीनवरच बसून लिहिते आहे. लोकांचे पडदे शिवण्यात दिवस जातो, आणि माझ्या घरचा पडदा मात्र उसवलेला. माळ्यावरून आणलेल्या बाबांच्या त्या जाड दांड्यावर लोंबतो आहे बिचारा. दांडा तेवढा तसूभर वाकलेला नाही.

हो, मी जायचे त्यांच्याबरोबर. पाचव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत. दादाला झाडाझुडपांचा कंटाळा, म्हणून माझी वर्णी लागली. करवतीचं एक टोक माझ्याकडे असायचं. पुढच्यासाठी राखून ठेवलेल्या झाडाला खुणेची चिंधी मीच बांधायची, बाबांना मी गाठ मारूच द्यायची नाही. मग एका सकाळी उठून बघते तर सायकल माझ्याशिवाय गेलेली. “आता तू मोठी झालीस,” म्हणाले. शेडमध्ये पाऊल टाकलं तर “बाहेर हो, हात कापशील.” रंध्याला मी आजवर हात लावलेला नाही. तुला मात्र सहा वर्षं हातात हात धरून शिकवलं. असतं एकेकाचं नशीब.

असो. झाड म्हणजे रानतुती. कालव्यावरच्या जुन्या पंपघरापाशी सापडेल. खूण अशी की एकाच फांदीवर तीन तऱ्हेची पानं असतात. एक अखंड, एकाला अंगठा फुटल्यासारखा, एक पाची बोटं पसरल्यासारखं. देठ मोडला की पांढरा चीक येतो. एवढ्यावर कुणालाही ओळखता येईल. आणि तू तर हुशार, बाबांचंच मत आहे तसं.

तुझी नणंद

६ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

तुमचे उपकार कसे फेडू? पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पंपघर गाठलं. तुम्ही लिहिलं तसं शब्दाला शब्द! तीन तऱ्हेची पानं, पांढरा चीक. पंपघराच्या उजव्या अंगाला अशी अकरा झाडं मोजली. कालव्यावरच्या रखवालदाराला विचारलं तर म्हणाला, तुतीच ती. त्यातली दोन सरळसोट, गाठ नसलेली निवडली आणि खांद्याच्या उंचीवर जुन्या निळ्या चादरीच्या पट्ट्या बांधून आले.

एक पान बाबांसाठी आणलं होतं. वाटलं, खूश होतील. पान इतकं छान आहे, वन्सं, खालून नव्या पांघरुणासारखी मऊ लव. बाबांनी ते अंगठ्याने चोळलं आणि फेकून दिलं. मी उचलून पुन्हा हातात दिलं, पुन्हा फेकलं, आणि माझ्यावर चिडून तोंड भिंतीकडे केलं. आपल्याला बाहेर पडता येत नाही याचा राग येत असेल, दुसरं काय?

पण एक गंमत सांगते. परवा त्यांच्या दाराशीच बसून मी एक जुनं धनुष्य रंधत होते. माझा हात कुठे जास्त पडला की बाबा पलंगाच्या कडेवर बोटाने ठोकायचे. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे पुढे. तासभर आमचं असं चाललं होतं. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला इतकं बरं वाटलं की लगेच तुम्हाला लिहावंसं वाटलं.

तुमची वहिनी

१७ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. एकदा उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं. हे दुसरं.

बाबांच्या हातात पानंबिनं देत जाऊ नकोस. आजारी माणसाला कशाला छळायचं? आणि पानाचं काय घेऊन बसलीस, पान ते पान. आणखी काही आठवत नाही मला, किती वर्षं झाली त्याला.

बोटाने ठोकून शिकवतात म्हणे! मला शिकवायला तर त्यांना दोन्ही हात होते, आवाजही होता. डोक्यावर हात ठेवला ते वाचलं. बरं झालं हो तुझं.

झाड तोडशील तेव्हा जमिनीलगत काप.

नणंद

१८ जानेवारी

प्रिय वन्सं,

पानं गळली तसं झाड तोडलं, फाडलं. मात्र लाकूड पाहून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. बाबांचं लाकूड फाडताना पिवळंधमक असायचं आणि चार दिवसांत तांबूस व्हायचं. हे पांढरट आहे, आठवडा झाला तरी पांढरटच. वजनालाही हलकं. करवत तर अशी सरसर गेली की मलाच नवल वाटलं.

सुकल्यावर रंग चढतो का? की झाड कोवळं होतं? तुमचं उत्तर येईपर्यंत मी तासायला घेत नाही. दोन ओळी पुरेत, पण लवकर लिहा. ते सुकायला दोन महिने तरी लागतील, आणि एप्रिल काही लांब नाही.

तुमची वहिनी

३ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमच्या उत्तराची तीन आठवडे वाट पाहिली. पोस्टात गहाळ झालं असेल. मग मीच मनाचा हिय्या करून तासायला घेतलं.

काल मैदानावर घेऊन गेले. बाई होत्या, त्यांच्या मुली रांगेत उभ्या होत्या. पहिली ओढ बनवणाऱ्याने घ्यायची, हा बाबांचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. लाकूड मोडायचं असेल तर ज्याने केलं त्याच्या तोंडावर मोडावं, दुसऱ्याच्या नाही. मी ओढलं. अर्ध्यातच काडकन मोडलं आणि वरचा तुकडा माझ्या भुवईवर बसला. तीन टाके पडले. डोळा वाचला. बाई वाईट बोलल्या नाहीत, “तुझ्या बाबांचं लाकूड असं मोडत नाही गं,” एवढंच म्हणाल्या. मुलींसमोर मान वर करून चालत येणं मला जमलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी तो तुकडा मागितला. हातात तोलला, नाकाला लावला आणि खाली टाकला. माझ्या पट्टीकडे बघत राहिले. मग पुन्हा तो हात बाहेर काढून तसाच हवेत धरला. तुमच्या दादांनी वैतागून स्टूल आणलं आणि बाबांनी लाथेने उडवलं.

तीस तारखेला शेड रिकामी करायची असं ठरलं आहे. बॅटरीवाला मापं घेऊन गेला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सांगितलंत ते बरोबरच असणार, माझीच नजर कच्ची. इतकी वर्षं लाकूड बघितलं, पण झाड बघायला डोळे वेगळे लागतात.

तुमची वहिनी

९ एप्रिल

वहिनी,

तुझी नजर कच्ची नाही. मी खोटी आहे.

पान उलटं करून अंगठ्याने चोळायचं. बाबांनी पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं होतं. गुळगुळीत लागलं तर रानतुती. मऊ लव लागली तर ती कागदी तुती. तीच तीन तऱ्हेची पानं, तोच चीक, पण आत नुसता भुसा. बाबा तिला सोंगाडी म्हणायचे. पंपघराच्या उजव्या अंगाला सोंगाडी, डाव्या अंगाला खरी. मी तुला सगळं सांगितलं आणि एवढंच ठेवून घेतलं. बाबांनी पान फेकलं ते तुला सांगण्यासाठी फेकलं. तू समजली नाहीस. मी इथे बसून समजले, आणि मूग गिळून बसले. ऑक्टोबरचं पहिलं पत्र खरं लिहिलं होतं. मग त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला ते पुन्हा वाचलं आणि फाडून टाकलं. तुझं जानेवारीचं पत्र मला मिळालं, पोस्टात काही गहाळ झालं नाही. ते माझ्या मशीनच्या खणात आहे.

मी जळत होते, वहिनी. दुसरा शब्दच नाही. माझ्या बापाने मला शेडच्या दारातून हाकललं आणि परक्या घरातून आलेल्या तुला आत घेतलं, हे माझ्या डोळ्यांत इतकी वर्षं सलत होतं. जुलैत तू त्यांचं तोंड पुसत होतीस तेव्हा वाटलं, पुरे झालं, इथे आता आपलं काही उरलं नाही. धनुष्य बिघडावं एवढंच मला हवं होतं. तुला लागेल हे मनातही आलं नाही. मनात यायला हवं होतं, कारण पहिली ओढ कोण घेतं हे मला पक्कं ठाऊक आहे.

सोबत बसने एक दांडा पाठवते आहे. माझ्या पडद्याचा. लग्नाच्या दिवशी मी तो माळ्यावरून उचलला होता, कुणाला न विचारता. बाबांच्या लक्षात आलं असणार, पण बोलले नाहीत. रानतुती आहे, फाडलेली, अकरा वर्षं सुकलेली. तास. तीस तारखेच्या आत होईल.

दादाला हे पत्र दाखवायचं तर दाखव.

नणंद

२३ एप्रिल

वन्सं,

पार्सल मिळालं. पत्र तुमच्या दादांना दाखवलं नाही. त्यांनी तुमचं नाव टाकलं असतं, आणि मला ते नको आहे. पण तुम्हाला वाटेल मी माफ केलं, तर तसंही नाही. तीन टाके आहेत, वन्सं. आरशात बघितलं की तुमची आठवण येते, आणि ती काही गोड नसते.

तुम्ही मनातलं लिहिलंत, आता माझंही वाचा. पत्र वाचलं त्याच दिवशी मी पुन्हा पंपघरापाशी गेले. नवी पानं आली आहेत. डाव्या अंगाला गेले, पान उलटून चोळलं. गुळगुळीत! आणि मग चिंध्या दिसल्या. सात झाडांना. काही इतक्या जुन्या की साल त्यांच्यावर चढली आहे. आणि काही अलीकडच्या. एक माझ्या फाटलेल्या फुलाफुलांच्या अभ्र्याची, तो मी गेल्याच वर्षी चिंध्यांत टाकला होता. जुनी असो की नवी, प्रत्येक चिंधी एकाच उंचीवर. मला जेमतेम कमरेच्या वर. बाबांसारखा ताडमाड माणूस, पायरी उतरताना गुडघ्यांच्या नावाने ओरडणारा, गाठ मारायला इतका वाकत कशाला होता, मला कळेना. जवळ टेप होती म्हणून मोजलं. सव्वातीन फूट. सातही झाडांना, बोटभराचा फरक नाही.

घरी येऊन तुमचा दांडा बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. टोकाला तुमच्या पडद्याची कडी अडकलेली होती, ती बराच वेळ बोटांत फिरवली. मग नेहमीसारखा हात बाहेर काढला आणि धरला. टेप माझ्या हातातच होती. मी जमिनीपासून त्यांच्या तळव्यापर्यंत लावली.

सव्वातीन फूट.

त्यांना स्टूल नको होतं हो. मी म्हटलं, “टिल्ली?” लहानपणी बाबा तुम्हाला तसं म्हणायचे, ते मला तुमच्या दादांकडून ठाऊक होतं. बाबांनी हात खाली घेतला आणि लहान मुलासारखे रडले.

नऊ महिने मी त्यांचं अंग पुसते आहे, आणि नऊ महिने ते तुम्हाला बोलावत होते. हे लिहिताना माझ्या पोटात दुखतंय, तुमच्यापासून काय लपवू! सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही झाड का दाखवलं नाही, तेही आता कळलं. शेडमध्ये मला घेतलं, पण ती जागा तुमची होती. तिथे दुसऱ्या कुणाला नेलं नाही, स्वतः वाकून तुमची गाठ मारत राहिले. मी काय सांगू तुम्हाला, मला मिळालं ते तुम्हाला हवं होतं, आणि तुम्हाला मिळालं ते मी जन्मभर रंधा मारला तरी मला मिळायचं नाही.

धनुष्य झालं आहे. लाकूड असं आहे की हात थांबवावासा वाटेना. बाबांनी सगळा वेळ ठोके दिले. दोरी चढवली, भिंतीवर टांगून बघितलं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात. पण ओढलेलं नाही. बाई तीस तारखेला सकाळी मैदानावर येणार आहेत. शेड राहते की जाते, ते तिथेच ठरेल. पहिली ओढ मी घेणार नाही. लाकूड तुमचं आहे. तुमच्या लाकडासमोर यावेळी तुमचा डोळा असू दे.

वहिनी

२६ एप्रिल

वहिनी,

एकोणतीसच्या दुपारच्या बसने येते. ओढ मी घेईन, कानापर्यंत घेईन. मोडायचं असेल तर माझ्याच तोंडावर मोडू दे, ते माझ्या हक्काचं आहे. पण मोडणार नाही. अकरा वर्षं त्या दांड्यावर जाड पडदा होता, आणि रोज मशीनवरून मान वर केली की मी बघायचे, आज तरी वाकला का. नाही वाकला.

माफी मागत नाही. तू माफ केलं नाहीस ते बरोबर आहे. बाईंनी होकार दिला तर तो तुझ्या नावाने घे, माझ्या नाही. पानं गळली की मला बोलाव, झाडं दाखवते. डाव्या अंगाची.

बाबांना सांग, मी येते आहे. आणि त्या खोलीतली सगळी स्टुलं उचलून माळ्यावर टाक. पहिल्या वर्षी बाबांनी मला झाडाला टेकवून उभं केलं होतं आणि डोकं पोचलं तिथे गाठ मारायला लावली होती, पुढेही तीच उंची. मघाशी इथे गुडघे मोडून बसले आणि जमिनीपासून डोक्यापर्यंत टेप लावली.

अजून सव्वातीन फूटच भरते.

टिल्ली